फोटोच्या उजव्या कडेला

नागपूरची राजधानी गेली तेव्हा मी पंधरा वर्षांची होते. राज्यांची पुनर्रचना वगैरे मला काही कळत नव्हतं. सीताबर्डीवरचा आमचा स्टुडिओ बंद होणार आणि आम्ही वर्ध्याला जाणार, एवढंच कळलं होतं. मी जेवणावर रुसून बसले. कोणी मनधरणी करेना, तेव्हा मुकाट्याने उठून जेवले.

अण्णाजी म्हणजे माझे वडील. गावासारखेच आम्हीही त्यांना अण्णाजीच म्हणायचो. त्यांचं सगळं गिऱ्हाईक सरकारी. साहेब, त्यांच्या बायका, निरोपसमारंभ, बढत्या, ढाली मिळवणारे कॉलेजचे संघ. छप्पन सालच्या नोव्हेंबरात जुना मध्यप्रदेश मोडला, कोणी भोपाळला गेलं, कोणी मुंबईला, आणि अण्णाजींच्या काळ्या कापडासमोर उभं राहायला माणूस उरला नाही. वर्ध्याला त्यांनी पुढची वीस वर्षं नवरा-नवरी आणि शाळेच्या फॉर्मचे फोटो काढले. तक्रार केली नाही, पण दुकानाच्या पाटीवर खाली बारीक अक्षरांत ‘पूर्वी नागपूर’ असं लिहून घेतलं, ते शेवटपर्यंत पुसू दिलं नाही.

मी वर्ध्यातच मुलींच्या शाळेत इतिहास शिकवते. एक्याऐंशी साली राजधानी जाऊन पंचवीस वर्षं होणार होती. इतिहासाच्या पुस्तकात या गोष्टीला दीड ओळ आहे. ती दीड ओळ वाचून दाखवताना दर वर्षी माझं डोकं तापायचं. शेवटी मी मुख्याध्यापिकाबाईंच्या मागे लागून शाळेचा हॉल मागून घेतला आणि प्रदर्शन जाहीर केलं. नाव ठेवलं, ‘राजधानी होती तेव्हा’.

अण्णाजींच्या पेट्या माळ्यावरून खाली आल्या. काचेच्या प्लेटा, कागदी पाकिटं, पिवळे पडलेले छापे. अण्णाजी कुरकुरत होते, धूळ उडवू नको म्हणत होते, पण मनातून सुखावले होते. रोज नवं धोतर नेसून स्टुडिओत येऊन बसायचे. मी एकेक छापा टेबलावर मांडायची आणि ते खुर्चीतूनच सांगायचे, हा सीताबर्डीचा रस्ता, हे टांगे सिनेमाच्या वेळेचे, ही अधिवेशनाला आलेल्या मोटारींची रांग, ही महाराजबागेतली रविवारची गर्दी. आणि त्यानंतर नुसते निरोपाचे ग्रुप फोटो. राजधानी जाण्याआधीच्या दोन महिन्यांत नागपुरातल्या एकूण एक कचेरीने ग्रुप फोटो काढून घेतला होता. मांडणी ठरलेली. साहेब खुर्च्यांवर, बाबूलोक मागे उभे, चपराशी पुढे सतरंजीवर. माळी, झाडूवाले, पाणी भरणारे चौकटीच्या बाहेर. हे मी तेव्हाही पाहिलं होतं, पण पाहून मला काही वाटलं नव्हतं. फोटो म्हटला की असाच, एवढंच.

त्यातला एक माझा फार आवडता होता. सिव्हिल लाइन्समधल्या एका खात्याचा. खात्याचं नाव मुद्दामच सांगत नाही. मधोमध बसलेल्या मोठ्या साहेबांच्या मांडीवर कानाशी काळा ठिपका असलेलं पांढरं कुत्रं होतं. सगळी कचेरी गंभीर आणि कुत्रं तेवढं जीभ काढून बसलेलं. हा फोटो मी मोठा करून हॉलच्या दारातच लावणार होते.

प्रदर्शनाची बातमी शाळेत फिरली, तसे आमच्या कार्यालयातले क्लार्क प्रेमदास ताकसांडे एक दिवस माझ्याजवळ आले. गृहस्थ मितभाषी. वर्ध्याला लागूनच्या सिंदी मेघेला त्यांनी नुकतंच दोन खोल्यांचं घर बांधलं होतं. म्हणाले, आईला तुमचे फोटो पाहायचे आहेत; मी नको म्हणतो, पण ती ऐकत नाही. कारण विचारलं तर ओशाळले. मग हळूहळू सांगितलं.

त्यांचे वडील नत्थूजी नागपूरला एका कचेरीत माळी होते. बायको, पंचफुलाबाई, वडनेरला मजुरीवर राबायची आणि नवरा महिन्याकाठी घरी यायचा. छप्पनच्या दसऱ्याला दोघांनी नागपुरात दीक्षा घेतली. पुढच्या उन्हाळ्यात नत्थूजी तापाने गेले. प्रेमदास तेव्हा पाळण्यात. वडिलांचा एकही फोटो नाही. नवं घर झालं, भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर लागली, त्यांच्या खाली वडिलांचा फोटो हवा असं प्रेमदासांना वाटलं. गावातल्या पेंटरने मार्ग काढला. प्रेमदासांनाच कोट घालून समोर बसवलं, चित्र काढलं आणि त्याला मिशा लावल्या. आईने ते पाहिलं आणि म्हणाली, हा तर तूच आहेस, मिशा लावल्याने बाप होत नाही. तसबीर तेव्हापासून पलंगाखाली आहे. प्रेमदास सांगताना हसले आणि मलाही हसू आलं, पण दोघांचंही हसू फार टिकलं नाही.

दुसऱ्याच रविवारी सकाळी मायलेक आमच्या स्टुडिओत आले. पंचफुलाबाई बारीक अंगाची, पांढऱ्या लुगड्यातली बाई. खुर्ची दिली तर तिच्या कडेला टेकली. मी आपल्या नेहमीच्या सवयीने बर्डी, मोटारी, महाराजबाग असं वर्णन करत छापे दाखवायला लागले. ती सभ्यपणे प्रत्येक फोटोला मान हलवत होती. शेवटी मला थांबवून म्हणाली, बाई, एकच फोटो आहे, तेवढाच पाहायचा आहे.

ती सांगत होती ते असं. दीक्षेनंतर पंधरवड्याने नत्थूजी वडनेरला आले ते फुलून आले. कचेरीचा फोटो निघाला होता. त्या दिवशी ते दीक्षेसाठी शिवलेला पांढरा सदरा आणि पांढरं धोतर घालून कामावर गेले होते. सगळे रांगेत उभे राहिले तेव्हा हेही जाऊन टोकाला उभे राहिले. आजवर फोटो निघताना ते झारी घेऊन बंगल्यामागे जायचे. त्या दिवशी गेले नाहीत.

“मले म्हने, पंचफुला, आता आपल्याले बाजूले व्हा लागत नाई,” तिने सांगितलं. “मोठ्या सायबाच्या मांडीवर कुत्रं होतं म्हने. त्याच फोटोत मी हावो.”

कुत्रं म्हटल्याबरोबर मी उडालेच. तो छापा टेबलाच्या टोकाला वेगळा ठेवला होता. मी तो आणून तिच्या पुढे धरला. तिने डोळे बारीक करून एकेक चेहरा पाहिला. मागची रांग, पुढची रांग, सतरंजीवरचे चपराशी. प्रेमदास खुर्चीमागे वाकून पाहत होते. मग तिचं बोट उजव्या टोकाला गेलं, शेवटच्या बाबूच्या पुढे, जिथे फोटो संपून कोरी पांढरी कड सुरू होते.

“इथं उभे होते म्हने,” ती म्हणाली.

तिथे काही नव्हतं. प्रेमदास आईच्या खांद्याला हात लावून, चल आता, म्हणाले. ती उठली नाही. त्या पंचवीस वर्षांत तिच्याजवळ नवऱ्याचं दुसरं काही उरलं नव्हतं. चेहरा हळूहळू विरत गेला होता, हे तिने स्वतःच मला सांगितलं. उरली होती ती ही हकिकत. मुलाला तिने बाप दाखवला तो या हकिकतीतून. वडनेरला लोक थट्टा करायचे, नत्थू साहेबाच्या मांडीवर बसला होता की काय म्हणून विचारायचे, आणि ही सगळ्यांना पुरून उरायची.

“म्हंजे खोटं सांगतलं का जी त्यायनं मले?” तिने विचारलं. मला विचारलं, की स्वतःला, ते कळलं नाही. मी काहीतरी गुळमुळीत बोलले. दुसरा एखादा फोटो असेल, शोधते, असं. मला तिची फार दया आली, आणि दया आली याचाच राग आला. ती दोघं गेली.

अण्णाजी इतका वेळ दाराशी वर्तमानपत्र उघडून बसले होते. मायलेक आल्यापासून त्यांनी पान उलटलं नव्हतं. एरवी कोणी जुन्या फोटोंबद्दल विचारलं तर या माणसाला गप्प बसवत नाही. मी छापा परत ठेवायला उचलला आणि तेव्हा मला ती कड खरोखर दिसली. डावीकडची पांढरी कड बोटभर. उजवीकडची चांगली तीन बोटं. साहेब मधोमध नाहीतच, एका अंगाला सरकलेले. ज्या माणसाने आम्हा भावंडांना लग्नाचा फोटो कार्डावर तिरका चिकटवला म्हणून धपाटे घातले, त्याचा हा छापा.

“अण्णाजी, ही कड अशी काऊन आहे?” मी विचारलं.

त्यांनी वर्तमानपत्र घडी केलं. “प्लेट तिसऱ्या पेटीत हाये,” ते म्हणाले. “सांभाळून काढजो.”

मी ती काच खिडकीच्या उजेडासमोर धरली. साहेब काळे, कुत्रं काळं, झाडं पांढरी, जसं प्लेटेवर उलटं असतं तसं. आणि एका कडेला वरपासून खालपर्यंत विटकरी लाल रंगाचा पट्टा, पट्टीने आखल्यासारखा सरळ. लाल रंगातून उजेड जात नाही, त्यामुळे छापताना तेवढा कागद कोरा राहतो. फोटोतला नको असलेला माणूस काढायची तेव्हाची ही साधी रीत. अण्णाजींचा हात त्यात फार साफ होता.

मग त्यांनी सांगितलं. काळ्या कापडाखाली कॅमेऱ्याच्या काचेवर माणसं उलटी दिसतात, डोकी खाली आणि पाय वर. चेहऱ्यांवरून कोण कुठला ते कळत नाही, कपड्यांवरूनच ठरवायचं. टोकाला स्वच्छ पांढऱ्या कपड्यातला माणूस दिसला, त्यांना वाटलं, कोणी नवे बाबू. माळी आहे हे कळलं असतं तर त्यांनी त्याला सरळ हटवला असता, हेही त्यांनी लपवलं नाही. दुसऱ्या दिवशी कचेरीचे बडे बाबू कच्चा छापा पाहायला आले आणि त्यांनी टोकावर बोट ठेवलं. हा आमचा माळी आहे, दसऱ्याला दीक्षा घेऊन आला तेव्हापासून याचं डोकं फिरलंय, याला काढा, म्हणाले. अण्णाजींनी ब्रश घेतला आणि काढला.

“आणि कुत्रं?” मी विचारलं.

“कुत्रं सायबाचं होतं,” अण्णाजी म्हणाले.

मी त्या दिवशी बापाला जे बोलले ते इथे लिहीत नाही. म्हातारा माणूस, ऐकून घेत होता, यानेच मी जास्त चिडत होते. लहानपणापासून माझी राजधानी म्हणून ज्या नागपूरसाठी मी गळा काढत आले, तेही याच प्लेटेवरचं नागपूर होतं. पट्टा धरूनच.

माझा राग शमेपर्यंत थांबून अण्णाजी म्हणाले, रंग पाण्याने निघतो. पण अडचण अशी की काचेच्या एका अंगाला मसाला असतो आणि चित्र त्या मसाल्यात असतं. कड सरळ यावी म्हणून त्यांनी रंग त्याच अंगाला लावला होता. मध्ये एका पावसाळ्यात माळा गळला, प्लेटेने ओल धरली, मसाला कडेला सुटत आला होता. पाण्यात घातली तर लाल रंग जाईल, की रंगासकट माणूस जाईल, हे सांगता येणार नाही. न धुता ठेवली तर नत्थूजी आत सुखरूप राहतील, पण कोणाला दिसणार नाहीत. हे ठरवायचा हक्क आपला नाही, त्या बाईचा आहे, असं ते म्हणाले, आणि त्या दिवशी त्यांचं मला पटलेलं हे एकच वाक्य.

मी सिंदी मेघेला गेले. ओसरीवर बसून दोघांना सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. प्रेमदास उठून उभे राहिले. त्यांचा आवाज मी शाळेत कधी चढलेला ऐकला नव्हता. तुमच्या वडिलांना म्हणावं ती काच आता तशीच जपून ठेवा, तुम्हाला जपायची फार सवय आहे, असं काहीसं ते बोलले. बरोबरच बोलले. पंचफुलाबाईने त्यांना हातानेच थांबवलं आणि मला एकच विचारलं.

“म्हंजे ते हायेत त्यात?”

मी म्हटलं, “आहेत.”

तिने पदराने डोळे पुसले. “मंग खोटं नाई बोलले ते,” ती म्हणाली. धुतली तर चेहरा कायमचा जाऊ शकतो, हे मी तिला पुन्हा समजावून सांगितलं. तिने ते नीट ऐकून घेतलं. प्रेमदास म्हणाले, आई, आहेत एवढं कळलं, पुरे.

“पंचवीस वर्सं दबून हायेत बिचारे,” ती म्हणाली. “धुवा.”

ऑक्टोबरची उन्हं वर्ध्यात कशी असतात ते सांगायला नको. नळाचं पाणी कोमट, आणि कोमट पाण्याने मसाला विरघळतो. म्हणून अण्णाजींनी आमच्या घरातला माठ स्टुडिओत आणवला. पांढऱ्या तसराळ्यात थोडं पाणी घेऊन त्यात तुरटी फिरवली. तुरटीने मसाला घट्ट होतो. ब्याऐंशीला टेकलेला माणूस, पण प्लेट मला धरू दिली नाही. ती दोन्ही हातांनी तसराळ्यात तिरपी धरत ते म्हणाले, “बाई, माठातलं पानी घ्या. हळूहळू सोडा.”

ते मला नव्हे, पंचफुलाबाईला म्हणाले होते. ती जागची हलली नाही, माझ्याकडे पाहिलं. आमच्यासारख्या घरांच्या दाराशी तिने जन्मभर ओंजळ धरून वरून ओतलेलं पाणी प्यालं असणार. आमच्या माठाला तिच्या जातीच्या कोणाचाही हात कधी लागला नव्हता, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. अण्णाजी प्लेट धरून खाली मान घालून उभे होते. मग ती उठली, तिने माठात गडवा बुडवला आणि प्लेटेच्या वरच्या कडेवर पाण्याची बारीक धार धरली.

लाल रंग आधी सुटेना. मग तो एकदम पातळ झाला आणि गेरूच्या पाण्यासारखा तसराळ्यात उतरला. खालच्या कोपऱ्यात मसाल्याला सुरकुती पडली आणि तेवढा तुकडा सुटून पाण्यावर तरंगायला लागला. प्रेमदासांनी माझं मनगट गच्च धरलं. अण्णाजींनी प्लेट झटक्यात बाहेर काढली, आडवी धरली आणि वाळेपर्यंत कोणाला हात लावू दिला नाही. ती वाळेस्तोवर आम्ही चौघं बसून होतो. मी चहा केला. प्रेमदासांनी घेतला नाही, त्यांच्या आईने घेतला.

दुपारी अंधाऱ्या खोलीतल्या लाल दिव्याखाली कागद औषधात पडला. आधी कुत्र्याचा कानाजवळचा ठिपका आला, मग साहेबांच्या टोप्या, टाय, मिशा. मग उजव्या कडेला, जिथे आजवर काही नव्हतं, तिथे एक माणूस येऊ लागला. पांढरा सदरा, बारीक मान, कानाच्या मोठ्या पाळ्या. गुडघ्याखाली काही नव्हतं, ते तसराळ्यातच राहिलं. पण चेहरा पूर्ण होता. नजर सरळ कॅमेऱ्यात. शेवटच्या बाबूपासून थोडं अंतर ठेवून उभा, हात सरळ खाली, कुठेही आखडलेला नाही.

पंचफुलाबाई कागदावर इतकी वाकली की पदर औषधात जाईल म्हणून मी तो धरला. “लहानच हायेत,” ती पुटपुटली. बाप प्रेमदासांपेक्षा वयाने लहान होता. त्यांनी स्वतःच्या कानाच्या पाळीला हात लावला आणि तोंड फिरवून भिंतीकडे उभे राहिले. त्यांना हुंदका आवरला नाही. मलाही आवरला नाही.

“मीच पुसलं होतं, बाई,” अण्णाजी म्हणाले.

“मास्तरीनबाईनं सांगतलं मले,” ती म्हणाली. तिने त्यांना माफ केलं असं मी म्हणणार नाही. मला तसं दिसलं नाही, आणि अण्णाजींनीही ते मागितलं नाही.

मग ते आपल्या धंद्याच्या वळणावर गेले. दुसरं त्यांना येत तरी काय होतं? म्हणाले, भिंतीसाठी मोठा छापा करून देतो. बाकीची सगळी मंडळी झाकून टाकतो, साहेब, बाबू, कुत्रं, कोणी दिसणार नाही. एकटे नत्थूजी ठेवतो. प्रेमदास त्याला हो म्हणाले. मलाही ते योग्यच वाटलं, न्याय झाल्यासारखं.

“नाई,” पंचफुलाबाई म्हणाली. “राहू द्या त्याह्यले. त्याह्यची राजधानी त गेलीच. आता फोटोतूनबी काढता का?”

अण्णाजींनी उचललेला ब्रश खाली ठेवला.

प्रदर्शनाच्या दारात तो फोटो तसाच लागला, आणि दुसरा, तेवढाच मोठा, सिंदी मेघेला गेला. पौर्णिमेला मी त्यांच्या घरी गेले तेव्हा तो बाबासाहेबांच्या तसबिरीखाली होता, अख्खी कचेरी, कुत्र्यासकट. प्रेमदासांनी बाजारातून हार आणला होता. आईने तो फोटोला घालू दिला नाही. यातली काही माणसं भोपाळला, मुंबईला अजून जिवंत असतील, जित्या माणसांना हार घालू नये, असं तिचं म्हणणं. तिने हारातलं एक फूल तोडलं, स्टुलावर चढली आणि ते फ्रेमच्या उजव्या कडेला खोचलं.